"फादर, वळू का नको?"

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या एका शिक्षिकेला तिथल्या धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती समाजात) कॉलेजच्या मुलांसाठी नीतीचा वर्ग घ्यायला सांगितलं आहे. हाताशी असलेली पुस्तकं चांगली आहेत, पण उदाहरणं सगळी परदेशातली. त्या विचारतात, आशियाच्या मातीत रुजलेलं कॅथलिक नैतिक ईशज्ञान, म्हणजे श्रद्धेच्या पायावरचं नीतिशास्त्र, असं काही खरोखर असतं का, की रोमचंच पुस्तक मराठीत आणायचं आणि वरून हळदकुंकू वाहायचं?

मी हा विषय पुण्यात सेमिनरीत, म्हणजे होणाऱ्या धर्मगुरूंच्या विद्यालयात, बरीच वर्षं शिकवला. त्याआधी आणि नंतरही सोलापूर भागात धर्मग्रामाचं काम केलं. हळदकुंकू वाहण्याचा उद्योग मीही करून बसलो आहे, म्हणून थोडं लांबण लागेल.

असतं. पण ते वहीत उतरवून घेता येईल असं तयार मिळत नाही. माझ्यापुरती त्याची सुरुवात सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका खोलीत झाली. तीसेक वर्षांपूर्वी तिथे एका घरी प्रार्थनेला गेलो होतो. घरातली आजी उजेड मिळावा म्हणून दारात बसली होती, मांडीवर सूप. ओल्या फडक्यातलं पान काढायचं, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी एकच वळसा, टोक दुमडायचं, दोरा. हजार झाल्या की दिवस भरला. बोलताना तिचे हात थांबत नव्हते. तिने विचारलं, "फादर, विडी ओढून माणसं मरतात म्हणतेत. मग वळणं पाप हाय का?"

मी तेव्हा नवा होतो आणि परीक्षेत मला या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. दुसऱ्याच्या वाईट कृत्यात आपला हात किती, याचं आमच्या शास्त्रात फार बारीक गणित आहे. त्या कृत्याला मनाची संमती आहे की नुसता हात लागला आहे, हात लागला तो जवळून की लांबून, आणि लागण्यामागचं कारण किती गंभीर. मी सगळं सोपं करून सांगितलं. आजीने ऐकून घेतलं, हातातल्या विडीचं टोक दुमडलं आणि म्हणाली, "म्हंजे वळू का नको?"

"वळा," म्हणालो.

उत्तर चुकीचं नव्हतं. आजही तेच देईन. पण मी निघताना ती सहज बोलावं तसं बोलली, की त्या आठवड्यात दोनशेच्या वर विड्या छाट गेल्या. बाहेरच्यांसाठी सांगतो: माल जमा करताना तपासणारा ज्या विड्या खराब म्हणून बाजूला काढतो ती छाट. तिची मजुरी मिळत नाही. आजीचं म्हणणं, छाटीतल्या विड्या तिला परतही मिळत नाहीत, त्या जातात कुठे ते देवालाच ठाऊक. या छाटीला १९६६ च्या विडी कामगार कायद्याखालच्या नियमांनी मर्यादा घातलेली होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आजीलाही नव्हतं.

आता पाहा. मजुराची मजुरी बुडवणं हे आमच्या परंपरेत किरकोळ पाप नाही. ज्या पापांचा आक्रोश थेट स्वर्गापर्यंत जातो अशा मोजक्या पापांत त्याची गणना आहे. १९९२ च्या कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकाच्या, १८६७ व्या परिच्छेदात ती यादी आहे, आणि रास्त मजुरी नाकारणं हा गंभीर अन्याय ठरू शकतो असं २४३४ व्या परिच्छेदात म्हटलं आहे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात तर शेतमजुरांची अडकवलेली मजुरीच ओरडते आहे. म्हणजे लागणारं सगळं शास्त्र माझ्याकडे होतं, पण मी ते चुकीच्या माणसावर लावून बसलो होतो. पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूपाशी आपलं पाप कबूल करायला, विडी वळणारी येते, छाट काढणारा येत नाही. जो समोर येतो त्याचंच पाप मोजायची सवय आम्हाला लागली, आणि त्या सवयीलाच आम्ही नीतिशास्त्र म्हणत आलो.

आशियाई म्हणजे काय, याचं माझं उत्तर एवढ्यातच आहे: नियम कोणता हे बघण्याआधी प्रश्न कुणाच्या तोंडून आला आणि त्या माणसाच्या डोक्यावर किती ओझं आहे हे बघायचं. त्याने नियम मोडत नाही, पण त्याचं दुसरं टोक हाताला लागतं.

हे मी एकटा म्हणत नाही. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सेमिनरीच्या शिक्षणाबद्दलच्या दस्तऐवजात नैतिक ईशज्ञान नव्याने घडवण्याकडे खास लक्ष द्यावं, त्याला बायबलचं अधिक पोषण मिळावं, असं सांगितलं. आशियातल्या बिशप परिषदांचा महासंघ १९७४ मध्ये तैपेईला भरला तेव्हा त्याने तीन संवादांची वाट धरली: इथल्या संस्कृतींशी, इथल्या धर्मांशी आणि इथल्या गरिबांशी. श्रीलंकेचे जेझुइट संघाचे धर्मगुरू अलॉयसियस पिएरिस यांनी पुढे आग्रहाने मांडलं, की आशियात दारिद्र्य आणि धर्मभाव हातात हात घालून चालतात. एकाला सोडून दुसऱ्याकडे पाहिलं की दोन्ही निसटतात. माझा अनुभव असा, की पहिले दोन संवाद आम्हाला फार आवडतात. वेदीसमोर समई लावली, ओवीच्या चालीत गाणं बसवलं, की संस्कृती झाली. गणपतीत मंडळाला भेट दिली की धर्म झाला. तिसरा संवाद दारात सूप घेऊन बसलेला असतो आणि त्याच्याजवळ बसायला वेळ नसतो.

आणि एक लक्षात ठेवा. रोमचं पुस्तक म्हणतो तेही आकाशातून पडलेलं नाही. नीतिशास्त्रज्ञांचे आश्रयदाते संत आल्फोन्स लिगोरी (१६९६–१७८७) हे नेपल्सचे वकील. शिकले ते कडक पंथात. स्कालाच्या डोंगरातल्या धनगरांमध्ये गेले, तिथे १७३२ मध्ये संघ काढला, आणि त्या माणसांची पापनिवेदनं ऐकता ऐकता त्यांचा कडकपणा ओसरत गेला. त्यांचं शास्त्रही कुठल्या तरी मातीतच उगवलं. त्यांना धनगर भेटले, मला विडीवाली आजी. फरक एवढाच, की त्यांना लवकर समजलं.

आता शब्दांकडे येतो, कारण वर्गात पहिली ठेच तिथेच लागेल. 'पाप' हा शब्द सोलापुरात मोठा मजेशीर आहे. पूर्व भागातली तेलुगू बाई पडलेलं पोर पाहून "पापम्!" म्हणते. अक्कलकोटकडची कानडी बाई "पाप!" म्हणते. अर्थ: अरेरे, बिचारं. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आपला नेहमीचा, देवाचा अपराध. ज्याची कीव यावी तो आणि ज्याने चूक केली तो, दोघांसाठी या शहरात एकच शब्द आहे. हा मुद्दा मला कुठल्याही प्राध्यापकाने शिकवला नाही. वर्गात पापाची व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना विचारा, घरी हा शब्द कधी वापरतात. निम्म्या घरांत तो रागावताना नाही, कळवळून वापरलेला आढळेल.

'सदसद्विवेकबुद्धी' हा शब्द मात्र मला कधी पचला नाही. उच्चारायलाच कष्ट पडतात, पाळायची कधी? मराठी माणसाचं मन त्याला खातं. मनाला एखादी गोष्ट लागून राहते. तुकोबांनी बहुमत बाजूला सारून मनाला साक्षीला धरलं. व्हॅटिकन परिषदेने विवेकाला माणसाचं सर्वांत आतलं गुप्त मंदिर म्हटलं आहे, जिथे तो देवासोबत एकटा असतो, ते याच्या अगदी शेजारी येतं. फक्त एक सांभाळा. आपल्याकडे मनाच्या दारावर कायम 'चार लोक' उभे असतात. लग्न, नोकरी, मूल, सगळं चार लोकांना विचारून. युरोपातलं पुस्तक गृहीत धरतं, की निर्णय घेणारा माणूस एकटा आहे. तुमच्या वर्गातली मुलगी एकटी नाही. हिंदू मुलाशी लग्न करायचं तर बिशपांची परवानगी कशी घ्यायची, हे तिला कुणीही सांगेल. तिचा खरा प्रश्न असतो, लग्नानंतर सासूबाईंनी हळदीकुंकवाला बसवलं तर उठून जायचं का. त्यावर तयार उत्तर देऊ नका. कुठे प्रेम आहे, कुठे भीती आहे आणि कुठे नुसतीच सवय आहे, हे तिला वेगळं करता आलं तर पुष्कळ झालं. विवेक घडवायला मदत करा, त्याच्या जागी स्वतः जाऊन बसू नका, हे पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबावर लिहिताना स्पष्ट सांगितलं आहे.

पहिल्या वर्गाला काय घ्यावं, असंही तुम्ही विचारलं आहे. मंगळवेढा घ्या. दामाजीपंतांची गोष्ट मुलांना माहीत असतेच: दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरू लागली, आणि बिदरच्या बादशहाच्या या अधिकाऱ्याने सरकारी कोठार लोकांना उघडून दिलं. धान्य त्यांचं नव्हतं. परवानगी नव्हती. मुलांना विचारा, ही चोरी का? वर्ग पेटतो. एक पोरगा हमखास म्हणतो, "सर्वांनीच असं केलं तर?" त्याला बोलू द्या, त्याचा मुद्दा खरा आहे.

मग थॉमस अक्वायनस काढा. १२७४ मध्ये वारलेला हा डॉमिनिकन संघाचा धर्मगुरू लिहून गेला, की गरज इतकी उघड आणि तातडीची असेल की दुसरा उपायच नाही, तर दुसऱ्याच्या मालातून घेणं ही चोरी नव्हे. आणि अशा अडलेल्या शेजाऱ्याच्या मदतीसाठीही घेता येतं. का, तर जगातल्या वस्तू मुळात सगळ्यांसाठी आहेत. मालकी त्यानंतरची. मंगळवेढ्याचा कमाविसदार आणि पॅरिसचा प्राध्यापक एकाच ठिकाणी पोहोचले, एकमेकांचं नावही न ऐकता.

इथे थांबू नका, कारण गंमत पुढे आहे. अक्वायनसच्या पानावर युक्तिवाद संपतो. आपल्या गोष्टीत विठ्ठल विठू महाराचं रूप घेऊन दरबारात जातो आणि धान्याची रक्कम भरून पावती घेतो. देव कायदा उडवून लावत नाही, तो हिशेब चुकता करतो. आणि करतो कुणाच्या रूपात? ज्याला त्या काळी दरबारात काय, देवळातही जागा नव्हती त्याच्या. मी कित्येक वर्षं हा प्रसंग 'भाविकांची भर' म्हणून सोडून द्यायचो. आता मला तो गोष्टीचा गाभा वाटतो. पण दामाजींना ख्रिस्ती करून टाकू नका. त्यांना वारकऱ्यांचेच राहू द्या. आपण शेजारच्या घरी शिकायला आलो आहोत, सामान उचलायला नाही.

दुसरी बाजू याच जिल्ह्यात आहे आणि ती लपवली तर वर्ग खोटा होईल. चोखोबा त्याच विठ्ठलाचे. त्यांची समाधी महाद्वारासमोर, पायरीजवळ. पंढरपूरचं मंदिर दलितांना उघडं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. इतकी शतकं अभंग आत गायले गेले आणि माणसं बाहेर राहिली. देशी आहे म्हणून आपोआप चांगलं, असं होत नाही.

आमचा इतिहास याहून स्वच्छ नाही. रॉबर्टो दि नोबिली (१५७७–१६५६) मदुराईत संन्याशाच्या वेशात राहिले, संस्कृत शिकले, धर्म या शब्दाला ख्रिस्ती अर्थ देऊन पाहिला. १६२३ मध्ये पोपनी नवख्रिस्ती ब्राह्मणांना जानवं ठेवायची मुभा दिली. केवढं मोठं पाऊल! पण त्याच वाटेने पुढे वरच्या जातींसाठी वेगळे आणि बाकीच्यांसाठी वेगळे मिशनरी आले. संस्कृती आत घेताना जात मागच्या दाराने आत आली, आणि ती अजून गेलेली नाही. दिल्लीच्या विद्याज्योती या ईशज्ञानाच्या कॉलेजात शिकवलेले सुसाई आरोक्यसामी यांनी दि नोबिलींच्या धर्म-कल्पनेवर सविस्तर अभ्यास केला आहे, आणि पुण्यात जॉर्ज सोअरेस-प्रभू यांनी येशूची शिकवण हाच 'येशूचा धर्म' म्हणून मांडली. दोघेही वाचाच. पण वाचताना धर्म या शब्दाच्या खिशात काय काय आहे ते तपासत राहा.

कायक या शब्दाचंही तसंच. सोलापुरात श्रमाबद्दल बोलायचं आणि सिद्धरामेश्वरांचं नाव घ्यायचं नाही, हे जमणारच नाही. बाराव्या शतकातला हा शरण, म्हणजे लिंगायत परंपरेतला संत. शहराच्या मधलं तळं त्यांच्या नावाने ओळखलं जातं. शरणांनी काम, म्हणजेच कायक, हीच उपासना मानली. १९८१ च्या श्रमावरच्या विश्वपत्रात जॉन पॉल दुसरे म्हणतात, काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. दोन्ही एकत्र वाचायला सुंदर. पण "काम हीच पूजा" हे वाक्य मालकाच्या केबिनमध्ये फ्रेम करून टांगलेलं मी पाहिलं आहे, आणि खाली यंत्रमागावर माणूस बारा तास उभा. शरण कायकासोबत दासोह सांगत होते, मिळवलेलं वाटणं. फ्रेममध्ये तो भाग आला नव्हता.

सेटलमेंटबद्दलही बोला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवली. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती, ठरलेल्या वेळेला हजेरी. १९५२ मध्ये तो कायदा गेला, वस्तीचं नाव राहिलं. अशा वसाहती चालवायला देशात साल्वेशन आर्मीसारख्या ख्रिस्ती संस्थांनी हात लावला, हेही सांगा. आणि मूळ पापाचा, म्हणजे आदामापासून सगळ्या माणसांकडे आलेल्या पापाचा, धडा नेमका इथे ठेवा. कॅटेकिझम सांगतं, की मूळ पाप हा आदामाच्या कुठल्याही वंशजाचा वैयक्तिक अपराध नव्हे. ही ओळ पारधी किंवा कैकाडी घरातल्या मुलाने ऐकली तर तिचं वजन वेगळं पडतं. सगळे सारखेच जखमी, कुणीही जन्माने आरोपी नाही.

सर्वांत अवघड विषय शेवटी ठेवला आहे: जातीचा दाखला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती नाहीत. २०२२ मध्ये केंद्राने या प्रश्नावर न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात, श्रद्धेने ख्रिस्ती असून फक्त आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही संविधानाची फसवणूक ठरवली.

एक आई माझ्याकडे आली होती, मुलाला इंजिनियरिंगला नंबर लागला होता. हातात प्लास्टिकचं पाकीट. एका कप्प्यात बाप्तिस्म्याचा दाखला, दुसऱ्यात जातीचा, मध्ये झेरॉक्सची चळत. ती विचारत होती, पडताळणीला कुणी आलं आणि चर्चचं रजिस्टर मागितलं तर?

माझे काही सहकारी म्हणतात, ज्याला सत्य विचारायचा हक्क नाही त्याला ते सांगायची सक्ती नाही. कॅटेकिझममध्ये त्याला आधार आहे. मला तो इथे ताणलेला वाटतो. गप्प राहणं वेगळं, दावा करणं वेगळं. आणि ती जागा शेजारच्या गल्लीतल्या, तितक्याच गरीब मुलाच्या वाट्याची असू शकते. उलट, बाप्तिस्मा घेतल्याने जात संपते हे ज्या राज्याने गृहीत धरलं, त्याने आमच्या धर्मग्रामात एक रविवार बसून पाहावं. कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ च्या धोरणात जातिभेदाला सामाजिक पाप म्हटलं. छान केलं. रेल्वेसोबत आलेल्या जुन्या घराण्यांत आणि गावाकडून आलेल्या घरांत सोयरीक किती झाली, ते ज्याने त्याने मोजावं.

त्या आईला मी सांगितलं: रजिस्टरातली नोंद मी बदलणार नाही, आणि तुम्हाला खोटारडी म्हणून वेदीवरून परतही पाठवणार नाही. दाव्यात धोका आहे, तोही सांगितला. पहिल्या वर्षाच्या फीचं धर्मग्रामाने बघावं म्हणून समितीत विषय मांडला. अर्धी जमली. मुलाने शेवटी काय केलं ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

हा विषय तुमच्या वर्गात निघणारच. निघाला तर कुणाच्या दाखल्यावर काय आहे ते हात वर करायला लावून विचारू नका. मी एकदा विचारलं होतं. सतरा मुलं होती. एकाचाही हात वर गेला नाही, आणि पुढच्या रविवारी पाच जण आले.